रूथबाईंची गिटार

अमोलिक मास्तर गेल्याचं मला काष्टीच्या बाजारात कळलं. माझी बायकापोरं आणि शेती तिकडे, नोकरी नगरला, त्यामुळे सुट्टी आली की मी गावी पळतो. त्या दिवशी शेळ्यांच्या गर्दीतून वाट काढत मी स्टँडपाशी आलो, तर नगरहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरनं मला लांबूनच हाक मारली. "जगतापसाहेब, तुमचे शेजारचे मास्तर गेले. पहाटे. चर्चमधल्या माणसांनी निरोप दिलाय." तो एवढं बोलून तिकिटं फाडायला वळलाही. हातातली पिशवी बाजारात आलेल्या एका भावकीतल्या माणसाकडे दिली आणि त्याच गाडीनं मागे फिरलो. पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. दफनभूमीत फक्त माती ओढणारा एक माणूस उरला होता. त्यानं विचारलं, "पाहुणे का?" मी म्हणालो, "शेजारी." दुसरं काय सांगणार होतो?

भिंगारच्या रस्त्याला एका बैठ्या चाळीत आमच्या खोल्या शेजारी शेजारी. मास्तर शाळेत सुतारकाम शिकवायचे. उंच, किंचित वाकलेले, बोलणं अगदी मोजकं. मी तिथे राहायला गेलो त्याच्या थोडं आधीच त्यांची बायको, रूथबाई, वारल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी आम्ही दोघंही आपापल्या स्टोव्हला पंप मारायचो. मधली भिंत इतकी पातळ, की पलीकडचा स्टोव्ह पेटला की इकडे कळायचं. एक दिवस तो पेटलाच नाही. मी जाऊन पाहिलं तर मास्तर मांडीवर एक मोठं वाद्य घेऊन बसले होते आणि त्याच्या पोटावरून अंगठा फिरवत होते.

ती रूथबाईंची गिटार. बाई मुलींच्या बोर्डिंगात गाणं शिकवायच्या. लष्करी कॅम्पातल्या क्लबात बँड होता, त्याचा गोवेकर बँडमास्तर मुंबईला जाताना ती त्यांना देऊन गेला होता. मी पाहिलेल्या गिटारींना मध्ये गोल भोक असतं. हिला नव्हतं. व्हायोलिनला असतात तशा दोन वळणदार फटी, आणि पोट व पाठ दोन्ही फुगीर, लाकडातून कोरून काढलेली. हिला आर्चटॉप म्हणतात, हे मास्तरांनीच मला सांगितलं. शेवटची काही वर्षं बाईंचा डावा हात लुळा पडला होता, तेव्हापासून ती खुंटीलाच होती. त्यात बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, नळाला पाणी येईना, रेशनवरची लाल मिलो ज्वारी खाऊन दिवस काढले. हवा एवढी कोरडी, की दारं चौकटीतून सुटायला लागली. त्या हवेत गिटारीचं पोट उभं तडकलं.

"तडकल्याचा आवाज आला मला," मास्तर म्हणाले. "वाटलं, रूथनं हाक मारली..."

दुरुस्ती त्यांनी हातात घेतली ती अशी. संध्याकाळी शाळेतून आले की खोलीच्या दारात पाट टाकून बसायचे. मी माझा चहा घेऊन समोर. बोलणं फार नाही. सुरी तापवून त्यांनी पाठीचा जोड मोकळा केला, आत सरस भरला, तडकलेल्या जागेला आतून लाकडाच्या पट्ट्या लावल्या, दोऱ्यांनी आवळून ठेवली. पुण्याहून तारा मागवल्या. तारा चढवून त्यांनी अंगठा मारला, आणि आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. खोकं वाजावं तसा आवाज. "मी टेबल केलं, जगताप," ते म्हणाले, "खुर्ची-टेबल करणाऱ्याचा हात. मजबूत केली, पण मुकी केली." पुन्हा पाठ उघडली. जाड पट्ट्या काढल्या, नखाएवढ्या पातळ बसवल्या. तारा ज्या घोडीवर टेकतात ती या गिटारीत नुसती उभी असते, चिकटवलेली नसते. तिचे पाय पोटाच्या फुगवट्याला बसेपर्यंत त्यांनी काचकागदावर घासले. किती दिवस चाललं होतं कोण जाणे. दुष्काळात संध्याकाळी दुसरं काही करण्यासारखं नव्हतंही.

दुसऱ्या वेळेला आवाज आला. मोठा, भरलेला, चाळीच्या टोकाला ऐकू जाईल असा. मी खूश झालो. मास्तर मात्र बेचैन. बाईंच्या हातात ती अशीच वाजायची का, ते त्यांना आठवेना. "मी कधी नीट ऐकलंच नाही," ते म्हणाले. "मी घरी आलो की ती ठेवून द्यायची." मी तर बाईंना पाहिलेलंही नव्हतं. विचारणार कुणाला? मग त्यांना तारा नावाच्या मुलीची आठवण झाली. बोर्डिंगातल्या मुलींत बाईंनी एकटीलाच गिटार शिकवली होती. लग्न होऊन ती सोनईला गेली होती.

एका रविवारी गोधडीत गुंडाळलेली गिटार मांडीवर घेऊन आम्ही सोनईची गाडी धरली. तारा घरी नव्हती. गावाबाहेर दुष्काळी कामावर खडी फोडत होती. आम्हाला पाहून ती उन्हातून धावत आली, मास्तरांच्या पाया पडली आणि गोधडी सोडताच तोंडावर पदर धरून रडायला लागली. कामावरच्या बायका भोवती जमल्या. तिच्या तळव्यांना घट्टे पडले होते, बोटं सुजलेली. मास्तर म्हणाले, "राहू दे गं, हात दुखतील." पण तिनं हात लुगड्याला पुसले, दगडावर बसली आणि वाजवायला लागली. पहिल्यांदा अडखळत, मग सुरळीत. वाजवताना ती मध्येच थांबली.

"ही बाईंचीच हाय ना, सर?"

"का? आवाज चुकलाय का?"

"चुकला न्हाई. पर लई मोठा हाय. बाईंची अशी कदी वाजलीच न्हाई. तारांखाली रुमालाची घडी घालायच्या त्या. आमी इचारलं तर म्हनायच्या, घरी सवय ऱ्हायला पायजे, मास्तरांना आवाजाचा तरास हुतो." मग तिच्याच लक्षात आलं असावं. "तुमाला तरास व्हायचा न्हवं का?" तिनं हळूच विचारलं.

मास्तर गिटार पुन्हा गोधडीत गुंडाळायला लागले. मुकादमाची शिट्टी झाली, बायका पांगल्या, तारा गेली. परतीच्या गाडीत घोडेगावपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "मी एकदाच म्हणालो होतो, जगताप. लग्नाच्या पहिल्या वर्षी. डोकं दुखत होतं म्हणून... ते एकदाच."

त्यानंतर ते स्वतः वाजवायला शिकू लागले. साठीला टेकलेल्या सुताराची बोटं ती, तारांवर कशी वळणार? एक भजन कसंबसं धरायचे, तेही अर्ध्यात सुटायचं. दार सताड उघडं ठेवून वाजवायचे. चाळीतले लोक हसायचे, मग हसायचेही थांबले. पुढच्या वर्षी पाऊस झाला, काळं रान पुन्हा हिरवं दिसलं, आणि नाताळला मास्तरांनी ताराला बोलावून घेतलं. चर्चमध्ये ती वाजवणार होती. मला म्हणाले, "आत बसा की." मला संकोच वाटला, मी बाहेर कडुनिंबाखाली उभा राहिलो. गाणं सुरू झालं, आणि थोड्या वेळानं मास्तरच दारातून बाहेर आले, माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. चेहरा ओला होता.

"बाहेरपर्यंत येतंय," ते म्हणाले.

"येतंय," मी म्हणालो.

गिटार त्यांनी ताराबरोबर सोनईला पाठवून दिली. खुंटी रिकामी झाली. संध्याकाळी ते दारात पाट टाकून बसायचे, पण हातात काही नसायचं. मी म्हणालो, "दुसरं एखादं काम घ्या." म्हणाले, "घेऊ." घेतलं नाही. छातीत दुखायचं ते कुणाला सांगितलं नाही, मलाही नाही. ते गेले त्याच्या आदल्या दिवशी मी गावी निघालो तेव्हा त्यांनी फक्त विचारलं होतं, "सोमवारी याल ना?"

त्यांच्या माघारी ताराला सांगायला कुणी नव्हतं, म्हणून मीच सोनईला गेलो. तिनं ऐकलं आणि चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग आतून गिटार घेऊन आली. उन्हाळ्यात पाठीचा जोड एका बाजूनं पुन्हा सुटला होता. "सरांकडंच आननार हुते," ती म्हणाली. "आता कुनाकडं न्यायची?" मला तरी काय ठाऊक! पुण्याला कुणी भेटतो का बघतो, असं सांगून मी ती घेऊन आलो. अजून पुण्याला जाणं झालेलं नाही. शेजारची खोली मालकानं भाड्यानं दिलेली नाही. संध्याकाळी मी स्टोव्ह बंद करून जेवायला बसतो. गिटार मधल्या भिंतीला टेकवून ठेवली आहे. बाहेरून लष्कराचा ट्रक गेला की चाळ हादरते, तिच्या तारा आपोआप बारीक वाजतात, आणि माझा घास हातात राहतो.