लसणीचं तेल आणि कुत्रीचा कान

तेलात लसूण तडतडल्याचा वास आला की आमची लांब कानांची कुत्री अजून पलंगाखाली शिरते आणि माझं डोकं तापतं. त्या वर्षी तिचा कान दर महिन्याला पिकायचा. डॉक्टरांनी दिलेल्या औषधाने मी तो रोज पुसायचे, आंघोळीनंतर कोरडा करायचे. बरा व्हायचा आणि पुन्हा चिघळायचा. डॉक्टरांनाच नावं ठेवत मी चौथ्यांदा पनवेलच्या दवाखान्यात गेले. त्यांनी कान उलटा करून हुंगला आणि विचारलं, "मॅडम, या कानाला लसणीची फोडणी कोणी दिली?" लाजेने मान खाली गेली. घरी येऊन सरळ सासऱ्यांसमोर उभी राहिले. कोन गावच्या घरून ते आमच्याकडे राहायला आल्यापासूनच हे दुखणं सुरू झालं होतं. "बाबा, हिच्या कानात तेल घालता तुम्ही?" उत्तर नाही. आणखी दोनदा ओरडले, तेव्हा मोठ्या अभिमानाने म्हणाले, "घालतो ना, दर शनवारी! आमाला लानपनापासून आई हेच घालायची. कुनाचा कान गेला नाय." त्यांच्याशी भांडायचं तर आजही मला त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभं राहावं लागतं, डाव्या कानाने त्यांना लहानपणापासून ऐकू येत नाही.