हरकतवाले चाचा

चाचा कुणाच्याही घरात शिरले की चपला काढता काढताच सांगत, "ही खोली दहा बाय बारा." टेप लावली तर फार तर दोन इंचांचा फरक निघे. एका इंजिनिअरच्या हाताखाली त्यांनी जन्मभर घरांचे नकाशे काढले होते. निवृत्त झाल्यावर आमच्या गल्लीतल्या लोकांना ते घरपट्टीवरच्या हरकती लिहून देऊ लागले. फुकट; चहा मात्र दोनदा लागे.

त्या वर्षी नवी मोजणी होऊन महापालिकेच्या नोटिसा आल्या आणि गल्ली पेटली. आमची घरपट्टी जवळजवळ दुप्पट! अण्णा, म्हणजे माझे वडील, नोटीस फडफडवत चाचांच्या दारात. मागे मी. "चाचा, असं कडक लिहा की साहेबाला घाम फुटला पाहिजे!"

"लिहितो ना भाऊ. पण पहिले आपणच घर मोजू. नंतर साहेब मोजणारच हाय."

अर्ध्या तासात चूक सापडली. मागचं पत्र्याचं शेड नोटिशीत स्लॅबची खोली म्हणून लागलं होतं. अण्णांनी टाळी वाजवली. तेवढ्यात चाचा गच्चीवर गेले. तिथल्या खोलीत मी मुलींचा शिवणक्लास चालवत होते आणि ती खोली नोटिशीत कुठेच नव्हती.

"हरकत घेतली की माणूस येणार," चाचा म्हणाले. "शेड बघून तो परत नाय जाणार, वर पण येणार. शेडाची पट्टी उतरेल, हिची चढेल. त्यात क्लास दिसला तर दुकानाचा दर लागेल."

"मग वरचं सांगायचंच कशाला?"

"मी लिहिणार तर दोन्ही लिहिणार. माझ्या कागदात अर्धं घर नसतं."

अण्णा भडकले. "तुम्ही आमच्या बाजूनं आहात का त्यांच्या?" म्हणाले आणि फक्त शेडाचा अर्ज स्वतःच लिहून देऊन आले. पुढे पंधरा दिवस चाचांशी बोलले नाहीत.

मग समोरच्या घराची तपासणी झाली. त्यांनीही रागाच्या भरात हरकत घेतली होती. मागच्या बाजूला भाड्यानं दिलेल्या दोन खोल्या सापडल्या आणि आधीच्या नोटिशीपेक्षाही मोठा आकडा आला. गल्ली चिडीचूप! अण्णांनी अर्ज मागे घ्यायचं ठरवलं.

त्या संध्याकाळी चाचा न बोलावताच आले. "भाऊ, घाबरून मागं नका घेऊ. शेडाची चूक खरी हाय. ती तशीच राहिली तर दरसाल भराल." मग माझ्याकडे वळले. "बेटा, क्लास तुझा हाय. बोल."

सात मुली शिकत होत्या आणि तपासणीच्या भीतीनं मी खिडक्या बंद ठेवून शिकवत होते. "दोन्ही लिहा, चाचा," मी म्हणाले. अण्णांनी नोटीस चाचांपुढे ठेवली.

सुनावणीला आम्ही तिघं गेलो. अर्ज वाचून साहेबांनी चष्मा काढला. "लोक इथं लपवायला येतात. तुम्ही दाखवायला आलात?"

"साहेब, एक चूक तुमची, एक आमची," चाचा म्हणाले. "दोन्ही दुरुस्त करा."

तपासणी झाली. शेड पत्र्याचं ठरलं, वरची खोली लागली, तेवढ्या एका खोलीला दुकानाचा दर बसला. पट्टी नोटिशीपेक्षा उतरली, मागच्या सालापेक्षा मात्र वाढलीच. अण्णा कॉरिडॉरमध्येच ओरडले, "वाढू दे! आता कुणाच्या बापाला भ्यायचं नाय!" आणि त्यांनी चाचांना कडकडून मिठी मारली. घरी येताच मी सगळ्या खिडक्या उघडल्या. आठवड्यात बाहेर क्लासचा बोर्ड लागला. पावसाळ्यानंतर मुली एकवीस झाल्या!

पुढे चाची वारल्या आणि चाचा कन्नड गावी मुलीकडे राहायला निघाले. स्टँडवर अर्धी गल्ली आली होती. गाडी हलली तसं त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "बेटा, बोर्डवर तुझं नाव लई बारीक हाय. लांबून दिसत नाय. मोठं कर!"

दुसऱ्याच दिवशी मी पेंटरला बोलावून नाव मोठं करून घेतलं आणि त्यांना फोटो पाठवला. लगेच फोन आला. "आत्ता कसं! कन्नडवरून वाचता येतंय."

त्यांचा आवाज मी ऐकला तो शेवटचा.