नखाएवढ्या गिअरसाठी महाळुंग्याला

लिहायला उशीर झाला, माफ करा. महाळुंग्याला जाऊन महिना झाला, पण गिअर टिकतोय का हे बघितल्याशिवाय लिहायचा धीर होईना.

अर्धांगाच्या झटक्यानंतर आमच्या हिच्या, सुमतीच्या, उजव्या हाताला पकड राहिली नाही. बोटांवर छोटं मोटरवालं यंत्र बांधलं की चमचा धरता येतो. त्यातला नखाएवढा गिअर तुटला, आणि यंत्र बनवणाऱ्याने दुकान बंद केलेलं. मी भरवायला गेलो की ती तोंड फिरवायची.

जुन्या सोबत्याने महाळुंग्यात थ्रीडी प्रिंटरवर सुटे भाग बनवणाऱ्या वैशालीचं नाव सांगितलं. मी सातवी शिकलेला फिटर. व्हर्नियरने मोजून मापं फोनवर कळवली.

चिंचवडहून भोसरी, तिथून चाकणची बस. उशिराच्या धास्तीने सहालाच निघालो आणि नेमका पहिल्या शिफ्टच्या गाड्यांत अडकलो. तुम्ही नऊनंतर निघा. चाकणला मिसळ खा, तर्री कमी सांगा. पुढे शेअर रिक्षा. सुट्टे जवळ ठेवा. खिशातलं यंत्र मी सारखं चाचपत होतो.

गोठ्याच्या जागी बांधलेल्या खोलीत वैशालीची दोन मशिनं. गिअर तयार होता. तिने बसवला आणि तो अडकला.

"काका, माप कसं घेतलं?"

"मोजलं, आणि कानस मारायला थोडं जादा ठेवलं." आयुष्यभर तेच केलं.

"अहो, हे थरावर थर चढून बनतं. घासायला काही ठेवायचं नसतं."

दारातून तिचे वडील हसले. "मशीनवर बी भरोसा न्हाई व्हय, राव?"

"चाळीस वर्षांत कुठल्याच मशीनवर ठेवला नाही."

"बरोबर हाय. माझा बी पोरीवर दोन वर्सं नव्हता."

"आता तरी कुठे आहे, आबा?" वैशाली म्हणाली.

तिने कॉम्प्युटरवर हा आणि त्याला जोडलेला, दोन्ही गिअर फिरवून दाखवले. माझं जादा माप जिथे घासत होतं, तिथे लाल डाग. आकडा बदलला, डाग गेला. अर्ध्या तासात नवा गिअर निघाला, तेवढ्या वेळात मी तीनदा विचारलं, "झाला का?" तो बसवून यंत्राचं बटण तिने मलाच दाबायला लावलं. बोटांना धरणाऱ्या पट्ट्या अलगद मिटल्या.

आता जेवताना ताटापाशी बारीक घरघर ऐकू येते. मी बघत बसलो की सुमती म्हणते, "माझे घास मोजू नका, तुमचं खा."

वैशालीने दोन गिअर जादा दिलेत, तरी काळजी आहेच. कुणाकडे असं यंत्र असेल तर गिअर किती टिकला ते लवकर कळवा. बरेच दिवस टिकला असेल, तर आजच कळवा.