तीनदा नको म्हणायची सुगंधा

सुगंधाचा मला अजून राग येतो. एवढी गुणी पोरगी, पण स्वतःला काय हवंय ते सांगायची वेळ आली की तोंडात गुळणी धरून बसायची!

मुलुंडच्या एकाच शाळेत आम्ही दोघी मास्तरणी. मी गणित शिकवायचे, ती गाणं आणि भरतकाम. १९५६ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कमधल्या एका खेड्यात देशोदेशींच्या तरुण शिक्षकांचं शिबिर होतं, त्यासाठी आमची निवड झाली. सुगंधाचं लग्न ठरलेलं. सासरच्यांनी जायला हो म्हटलं, पण बजावून ठेवलं, "लग्नानंतर गाणं घरात. चारचौघांत नाही." म्हणजे सभागृहात गायची तिला ही एकच संधी. बोटीवर तिने एकच पद इतकं घोटलं की माझे कान किटले.

पहिले तीन दिवस आम्हाला कशाचा काही पत्ताच लागेना. घड्याळात रात्रीचे दहा, आणि बाहेर लख्ख उजेड! मग जेवायचं कधी आणि निजायचं कधी? टेबलावर मासे दिसले तशी सुगंधा हरखली, मालवणची ना ती! घास घेतला तर मासा थंडगार, आणि वर गोड. "अगो बाय, ह्यांनी माशाचो मुरांबो केल्यानी!" शिबिराच्या प्रमुख बाईंना म्हणे नुसत्या नावाने हाक मारायची. अहो, आमच्या आईच्या वयाच्या त्या! आम्ही हाक मारणंच सोडलं. त्या वळून बघेपर्यंत मागे नुसत्या उभ्या राहायचो.

चौथ्या दिवशी चहाच्या वेळी बाई वही घेऊन आल्या. शनिवारी गावकऱ्यांसाठी कार्यक्रम होता.

"सुगंधा, तू गातेस ना? गाशील?"

सुगंधा लाजली. "छे छे, मला कुठे येतं! नको."

"बरं," म्हणून बाईंनी वहीत काट मारली आणि शेजारच्या इटालियन मुलाकडे वळल्या.

सुगंधा त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. "नलू, पुन्हा विचारतील ना गं?"

हळदीकुंकवाला हिला गाणं म्हण म्हटलं की ही तीनदा नको म्हणणार, मग बायका हात धरून बसवणार, तेव्हा कुठे ही गाणार. पहिल्या हाकेला गाते ती बाई आगाऊ, हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. इथे दुसऱ्यांदा कुणी विचारीचना. शुक्रवारी भिंतीवर यादी लागली. भारतापुढे कोरं.

"त्यांना माझं गाणं नकोच असेल," ती म्हणाली आणि ताट सरकवून बसली.

मी भडकले. "अगं बये, तूच नको म्हणालीस! रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही!"

"म्हणून काय पहिल्यांदाच हो म्हणू?"

मी तिचं ताट पुन्हा तिच्यापुढे सरकवलं.

शनिवारी सभागृह भरलं. शेवटचं गाणं झालं, लोक उठायला लागले, तसा माझा धीर सुटला. सगळ्यांना कळावं म्हणून मी इंग्रजीतच ओरडले, "सुगंधा, गा!"

"नको, नको," ती सवयीने म्हणाली. मी तिचा हात धरून ओढला. तेवढ्यात प्रमुख बाई धावत आल्या, माझा हात सोडवला आणि कडक आवाजात म्हणाल्या, "नलिनी, ती नको म्हणतेय. जबरदस्ती करू नकोस."

मी कपाळाला हात लावला. घ्या! आता कोण विचारणार हिला?

सुगंधा दाराकडे जाणाऱ्या लोकांकडे बघत होती.

"मला गायचंय," ती पुटपुटली.

"काय म्हणालीस?" बाई वाकल्या.

"मला गायचंय!" ती किंचाळलीच. सगळं सभागृह वळून बघायला लागलं. शरमेने लालबुंद झालेली ती तशीच व्यासपीठावर चढली, पदराने डोळे पुसले आणि गायला लागली. दारातले लोक परत येऊन बसले. मला मेलीला रडू आवरेना.

पद संपलं. टाळ्या थांबल्यावर बाईंनी खालून विचारलं, "आणखी एक म्हणशील?"

"हो," सुगंधा म्हणाली.