ऑनफ्लरच्या पायरीवर बसलेली तानुबाई

शुक्रवारची दुपार होती. दुबईत, करामातल्या चौथ्या मजल्यावरच्या त्या घरात मटण-भात जेवून मुलं आडवी झाली होती आणि तानुबाई कुकर घासत होती. स्वयंपाकघरात एसी नाही म्हणून दार उघडं, आणि दार उघडं म्हणून हॉलमधलं भांडण फुकटात ऐकू येत होतं. भांडत होते घरचे मालक रोशनसाहेब आणि त्यांची बायको प्रज्ञावहिनी. भांडण होतं तानुबाईवरून.

"तिला बोटीवर न्यायचं तर जामीन म्हणून सही मी करायची!" साहेब म्हणत होते. "ती फ्रान्सात उतरली आणि परत चढलीच नाही तर मला धरतील, प्रज्ञा. ऑफिसवाले दुसऱ्या दिवशी मला घरी बसवतील."

"कुठे जाणार आहे ती? तिला लिफ्टचं बटण कळत नाही."

"आणि तिची जुलैची रजा? आपण कबूल केली होती."

"ऑगस्टमध्ये बघू. दोन पोरं घेऊन दहा दिवस बोटीवर मी एकटी काय करू? सुट्टी माझी पण आहे ना?"

तानुबाई पाच वर्षं त्याच लिफ्टने दिवसातून सहा वेळा खालीवर करत होती. बटणाचं ऐकून तिला हसू आलं. रजेचं ऐकलं आणि ते तिथेच विरलं.

बाई गुहागरकडची. नवरा विष्णू, होड्या बांधणाऱ्या सुतारांच्या हाताखाली रंधा मारायचा. तो गेला तेव्हा मुलगी कुंदा पंधरा वर्षांची. पोरीला बहिणीकडे ठेवून सत्त्याण्णव साली तानुबाई दुबईला आली, रोशनसाहेबांच्या व्हिसावर, घरकामाला. रिद्धीला शाळेत सोडलं, आरवला तर जन्मल्या दिवसापासून तिनेच न्हाऊ घातलं. इतकं करून ती शिकली किती, तर सही आणि घड्याळ. घड्याळ मात्र पक्कं.

आता कुंदाचं लग्न होऊन ती पोटुशी होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे कोणाला सांगावं लागत नाही. पण माहेर म्हणजे गुहागरजवळचं दोन खोल्यांचं घर, आणि त्याला पाच वर्षं कुलूप. कुंदाची सासू येता-जाता तेच ऐकवी. कुंदा फोनवर एकदाच म्हणाली, "आई, तू येशील ना? नाहीतर हे मला जन्मभर ऐकावं लागेल." तानुबाई म्हणाली, "येते." म्हटलं तर एवढंच बोलणं. पण त्या एका शब्दावर पोर दिवस मोजत होती.

आणि जुलैच्या शेवटी तानुबाई घरी जायच्या ऐवजी जाऊन बसली जहाजात.

आम्सटरडॅमहून निघालेली ती बोट चौथ्या दिवशी ऑनफ्लर नावाच्या जुन्या बंदराला लागली. सकाळी उतरायचं, गाव बघायचं, पाचच्या आत परत. पासपोर्ट जहाजावरच ठेवलेले. हातात नुसतं एक कार्ड. गाव तसं बघण्यासारखं. मध्ये चौकोनी पाणी, त्यात नावा, आणि काठाने उंच किडकिडीत घरं, गर्दीत उभ्या राहिलेल्या माणसांसारखी खेटून. पण वाटा सगळ्या गोट्या-दगडांच्या. बाबागाडी ढकलायची तानुबाईने. दर दहा पावलांना चाक अडकायचं, आरव किंचाळायचा आणि वहिनी मागे वळून म्हणायच्या, "सांभाळून हो! ती गाडी महागातली आहे."

"दगड पण महागातले दिसतात," तानुबाई गाडीलाच म्हणाली.

दुपारी एका हॉटेलबाहेर ते चौघे खुर्च्यांवर बसले. चौघे म्हणजे साहेब, वहिनी, रिद्धी आणि चौथ्या खुर्चीवर वहिनींच्या पिशव्या. तानुबाई गाडीपाशी उभी. आरवची पेज गरम करून हवी होती. वेटरने डबा बघितला, तानुबाईला बघितलं, मान हलवली आणि डबा दोन बोटांनी परत सरकवला. साहेबांनी इंग्रजीत विनवलं, तर तो फ्रेंचमध्ये तापला. मग वहिनी तापल्या, पण वेटरवर नाही.

"थर्मासमध्ये का नाही भरली? एवढं पण सुचत नाही?"

"थर्मास तुम्ही कॉफीला घेतलात, वहिनी."

"उलटून बोलू नकोस."

एरवी वहिनी तिला तानुबाई, अहो-जाहो करायच्या. चिडल्या की तू. त्या दिवशी सकाळपासून तूच चालू होतं. चार युरोची कॉफी आली. "चार युरो म्हणजे पंधरा दिरहम," वहिनींनी मोठ्याने हिशोब केला, "म्हणजे दोनशे रुपये! गार आहे वर." त्या कॉफीचाही राग गाडी ढकलणारीवर निघाला. "जा, त्याला फिरवून आण जरा. डोकं उठलंय माझं."

तानुबाई फिरली आणि फिरता फिरता एका लाकडी चर्चमध्ये शिरली. आत गार होतं. आरव झोपला. तिने वर बघितलं तर छप्पर म्हणजे चक्क उपडी घातलेली होडी. फासळ्यासुद्धा तशाच. विष्णूचं काम तिने इतकी वर्षं बघितलेलं. तिला कुणी सांगायची गरज नव्हती. हे देऊळ होड्या बांधणाऱ्यांनी बांधलं होतं. जे येत होतं ते त्यांनी देवाला दिलं. तिने हात जोडले, कोणत्या देवाला ते विचारलं नाही, आणि कुंदाचं सुखरूप होऊ दे म्हणाली.

पाऊण तास झाला तेव्हा वहिनी शोधत आल्या. "इथे बसलीयस? आम्ही गावभर हिंडतोय! मोबाईल घेत नाहीस, काही नाही." आणि बाहेर पडता पडता, पर्समध्ये चष्मा शोधत, त्या सहज म्हणाल्या, "अगं हो, काल कुंदाच्या सासूचा फोन आला होता माझ्यावर. त्या म्हणतायत बाळंतपण तिथेच करतो. मग तुला ऑगस्टमध्ये जायची गरजच नाही ना? बरंच झालं."

 सगळी धक्क्याच्या वाटेला लागली. पाण्याकाठी तीन दगडी पायऱ्या होत्या. तिथे तिने गाडी थांबवली, ब्रेक लावला, आरवचा पट्टा सरळ केला आणि दांडा वहिनींच्या हातात दिला.

"पोरं घ्या तुमची," ती म्हणाली आणि पायरीवर बसली.

"काय झालं? चक्कर आली?"

"नाही. मी येत नाही."

साहेबांनी घड्याळ बघितलं. चार वाजून दहा मिनिटं. "यल्ला, तानुबाई, चला. पाचला शिडी काढतात."

"तुम्ही जा साहेब. मी बसते हितंच. पोलीस आला की सांगीन, रोशनसाहेबांनी आणलं. नाव येतं मला तुमचं, पूर्ण. कंपनीचं पण येतं."

साहेबांचा चेहरा मागच्या जुन्या दगडी भिंतीसारखा झाला. वहिनींना मात्र अजून कळलं नव्हतं. "नाटकं बंद कर! उठ! तुला फ्रान्स दाखवला, बोटीवर बसवलं, आमच्या बिल्डिंगमधल्या कुठल्या बाईला हे मिळालंय?"

"बघितला की फ्रान्स. आता जुलैची रजा दाखवा."

"मम्मा, व्हाय इज शी नॉट गेटिंग अप?" रिद्धी म्हणाली.

"बीकॉज शी इज मॅड."

"मॅड म्हणजे काय ते मला कळतं, वहिनी. लिफ्टचं बटण पण कळतं."

 येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. तो मघाचा वेटरही टेबल पुसता पुसता बघत होता, आणि त्याच्या तोंडावर दया वगैरे काही नव्हती. आपलं हॉटेल वाचलं एवढंच होतं. साहेब खाली वाकले आणि हळू म्हणाले, "तानुबाई, तुम्हाला काय पाहिजे ते बोटीवर बसून बोलू."

"बोटीवर तुम्ही साहेब. हितं आपण सारखे. हारुनला फोन लावा."

हारुन म्हणजे बर दुबईतला तिकीटवाला, रत्नागिरीचा. सगळ्या बिल्डिंगची तिकिटं तोच काढायचा.

"त्याला सांगा तिकीट काढ म्हणून. आणि मग मला द्या. मी त्याच्या तोंडून ऐकणार."

साहेबांनी फोन लावला. दुबईत तेव्हा सव्वासहा. हारुन दुकानातच होता. साहेब पाठ फिरवून बोलले, मग मोबाईल तिच्या कानाला लावला.

"मावशी, सलाम. बारा ऑगस्ट, संध्याकाळची फ्लाईट, दुबई ते मुंबई. पक्कं केलंय. पण साहेब म्हणाले वन वे. रिटर्न नको म्हणाले. तेवढं बघा."

तानुबाईने पाण्यातल्या नावांकडे बघितलं. वन वे म्हणजे काय ते तिला नीट कळत होतं. पगार, कुंदाच्या नावाने साठवायची पुढची पाच-सात वर्षं, सगळं त्या एका शब्दात जात होतं.

"असू दे," ती म्हणाली. "खिडकीजवळची दे."

मग ती उठली, गुडघा झाडला आणि गाडीचा दांडा परत हातात घेतला.  शिडी काढायला पाच मिनिटं असताना ते चढले.

दुबईला आल्यावर वहिनींनी सांगितलं, "जा. पण परत येऊ नकोस. व्हिसा कॅन्सल, खलास." नंतर आठवडाभर त्यांच्यात बोलणं झालं ते फक्त मीठ आणि कपड्यांपुरतं. समोरच्या ब्लॉकच्या सुरैय्यावहिनींनी चार लोकांत तानुबाईला नमकहराम म्हटलं. तानुबाई म्हणाली, "मीठ मीच घालत होते, ताई." नंतर कधी प्रज्ञावहिनींनी तिला निरोप पाठवला नाही, तिनेही नाही. कुंदाला मुलगी झाली, एकोणतीस ऑगस्टला, गुहागरच्या त्या दोन खोल्यांत.

पण त्याआधी, बारा तारखेला, निघायच्या दिवशी बॅग भरून दाराशी ठेवलेली. टॅक्सी साडेचारला येणार होती. चारला मुलं चहाच्या वेळेला खुबूस, तंदुरातला चपटा पाव, मागतात, रोजचं. वहिनी आत खोलीत दार लावून पडल्या होत्या. खुबूस आणायला त्यांनी सांगितलं नाही आणि तानुबाईनेही विचारलं नाही. तिने डोक्यावर पदर घेतला, लिफ्टने खाली उतरली आणि ऑगस्टच्या त्या भट्टीत रस्ता ओलांडून पठाण खैरुद्दीनच्या तंदुरापाशी जाऊन उभी राहिली. "चार," ती म्हणाली. त्याने भिंतीवरून चार काढले, वर्तमानपत्रात गुंडाळले. करपलेला एक तिने परत दिला आणि बदलून घेतला. वर येऊन फडक्यात बांधले, मुलांच्या दोन ताटल्या ओट्यावर काढून ठेवल्या आणि आरवसाठी एकाचे लहान लहान तुकडे केले.