उत्तरेला गेलेली सिस्टर

मेलेल्या माणसाशी वाद घालून त्याला पटवणारी बाई अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात एकच होती, आणि तीही एका एजंटाने माझ्या डोळ्यांदेखत उचलून नेली. हा राग मी सोडणार नाही. माझा धंदा आजारी माणसांच्या घरी दवाखान्याच्या कॉटा भाड्याने देण्याचा. एका जुन्या कॉटेवर सुरुवात केली, आज गोडाऊन भरलंय. त्यात कुणाच्या बापाचा रुपया नाही. कॉटेबरोबर गिऱ्हाइकाला नर्सही लागते, आणि आमची ही शिरोळकडची सिस्टर एकदा ज्या घरात गेली, त्या घराने पुन्हा दुसरी नर्स मागितली नाही.

जिवंत पेशंटशी ती जेमतेम बोलायची. माणूस गेला की मात्र तिला कंठ फुटायचा. अंग पुसताना म्हणायची, "आता डावा हात घेते हं आजोबा. दुखलं तर सांगा." एका हेडमास्तरांच्या सुनेने तिला हळूच सांगितलं, "सिस्टर, ते गेलेत." ही म्हणाली, "गेल्यात व्हय, पण अजून उंबऱ्यातच हायत. समदं ऐकू येतंय त्यास्नी." ती सून तेराव्यापर्यंत घरात कुजबुजतच बोलत होती.

कॉट परत आली की मी ती औषधाने पुसून नवी गादी घालतो. सिस्टरला तेवढं पुरत नसे. दुपारी डबा खाऊन ती गोडाऊनमध्ये यायची, कॉटेच्या दांडीवर हात ठेवायची आणि सांगायची, "काका, ही आता पन्हाळ्याला चाललीया. उतरा." मग थांबायची. वर पत्रा तापलेला, पंखा बंद, आणि गादीत पडलेला खड्डा हळूहळू वर यायचा. फोमची गादी दाबली की वर येते, हे मला कुणी शिकवू नये. पण त्या गादीवर कुणी बसलेलंच नसायचं. एकदा एका म्हाताऱ्या पैलवानाने तिला अर्धी दुपार दमवलं. "ऐकंना झालाय," ती मला म्हणाली, "पाठ टेकली न्हाय म्हणतोय." शेवटी लोखंड करकरलं, आणि ती पदराने घाम पुसत म्हणाली, "गेला. लई हट्टी."

माझी आई ज्या कॉटेवर गेली, ती मात्र तिने कधी मोकळी केली नाही. "आज न्हाय दादा," हे एकच उत्तर. मी ओरडलो, भांडलो, धंद्याची कॉट अडवली म्हणून तिच्याशी बोलणं टाकलं. कॉट कोपऱ्यात तशीच.

मग तो एजंट आला. जगाच्या पार उत्तरेला एक मुलूख आहे म्हणे. गावं विरळ, त्यांत म्हातारी माणसंच उरलेली, आणि त्यांना बघायला नर्स मिळत नाहीत. येईल तिला पक्की नोकरी आणि राहायला घर. अट एवढीच, की त्यांची भाषा आली पाहिजे आणि हिवाळाभर सूर्य उगवत नाही त्याची तयारी पाहिजे. सिस्टर हो म्हणाली. मग मी एजंटाशी भांडून तिच्यासाठी परतीचं तिकीट आणि जाड कोट काढून घेतला. माझ्याकडून कुणी काही स्वस्तात नेलं, असं होऊ देत नाही मी.

सिस्टर गोडाऊनमध्ये बसून ती भाषा पाठ करू लागली. मी विचारलं, "कुठवर आलं?"

"'डावा हात घेते' येतंय. 'दुखलं तर सांगा' बी येतंय."

"आणि 'नमस्कार, कशा आहात'?"

"ते जित्या माणसांचं की दादा. हुईल सावकाश."

मुलाखत फोनवरच झाली, गोडाऊनमध्ये. पडद्यावरच्या गोऱ्या बाईने इंग्रजीत विचारलं, काळोखात एकटीने राहायची भीती नाही का वाटणार? सिस्टरने त्या बाईच्या भाषेत एकच वाक्य म्हटलं. बाईने डोळे पुसले आणि कधी येणार ते विचारलं. मी म्हटलं, "काय बोललीस गं तिला?"

"'मी हितंच हाय, तुमी सावकाश जावा.' दुसरं नीट काय येतंय मला?"

निघायच्या दिवशी मी तिला कोपऱ्यात नेलं. "आईची कॉट मोकळी कर, मग कुठं जायचं तिथं जा."

तिने दांडीवर हात ठेवला. बराच वेळ ऐकत राहिली. "मावशीस्नी मी कवाच सांगितलंय. त्या म्हणत्यात, पोरगं रोज रात्री जेवून हितं येतंय, एकटंच बसतंय. त्यानं जा म्हणू दे, मग उतरते."

ओरडायला मी तोंड उघडलं. मग तिची बॅग उचलली आणि बाहेर रिक्षात नेऊन ठेवली.

आता ती अधूनमधून फोन करते. इथे टळटळीत दुपार असते आणि तिच्या खिडकीत मिट्ट काळोख. परवा तिची पहिली म्हातारी गेली. "माझं बोलणं मोडकं की दादा," ती म्हणाली, "पण अंग पुसताना हसली."

काल एक गिऱ्हाईक आलं. वडिलांना घरी आणायचं होतं, घाईत होता. बाकी सगळ्या कॉटा बाहेर गेलेल्या. त्याने कोपऱ्याकडे बोट दाखवलं आणि मी मागेन ते द्यायला तयार झाला. उभ्या आयुष्यात असलं गिऱ्हाईक मी परत पाठवलेलं नाही.

"पावणं, दुसरीकडं बघा," मी म्हटलं. "तिथं माणूस हाय."