दोरेमामांनी कबूल केलेली आग

मला लिहायची सवय नाही. जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेलं शिवलं, कापलं, पुठ्ठ्यात बसवलं. पण दोरेमामांची मुलगी वकिलाचा निरोप घेऊन आली. वडिलांचा निकाल फिरवून घेण्याचा अर्ज तयार आहे, म्हणाली, स्टोव्हबद्दल तुम्हाला काय माहीत आहे ते स्वतःच्या हाताने लिहून द्या. आणि दारातून परत फिरून म्हणाली, "काका, बाबा त्यावर सहीच करत नाहीत. तुम्ही बघा जरा बोलून."

वकिलाला दोन ओळी पुरल्या असत्या. त्या लिहायला बसलो आणि बाकीचंही बाहेर आलं.

दोरेमामा आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात शिलाईला होते. गळ्यात मेण लावलेल्या दोऱ्याची लड कायम, म्हणून दोरेमामा. त्यांच्या लग्नाच्या फोटोतही ती लड आहे. फोरमन त्यावरून चिडवायचा, तर म्हणायचे, "तेवढाच दागिना होता घरात." पुस्तक शिवून झालं की ते मधल्या एका पानाला धरून उचलायचे. पान सुटलं नाही तर पुस्तक पास. त्यांच्या शिलाईतलं पान सुटलेलं मी तरी पाहिलं नाही.

कारखान्यात एक रीत होती. पानं तिरकी कापली गेली, पाठ उलटी चिकटली, की फोरमन सगळं काम थांबवून मधोमध उभा राहायचा. मग कोणीतरी म्हणायचं, "माझ्या हातून झालं." बस. फोरमन चार शिव्या हासडायचा आणि मशीन सुरू. कसं झालं, खरंच तूच का, हे कोणी विचारायचं नाही. आणि एकदा म्हटलेलं कोणी मागे घ्यायचं नाही. आठ जणांनी हात बांधून उभं राहण्यापेक्षा एकाने शिव्या खाव्यात, एवढंच त्यामागचं शहाणपण.

बहुतेक वेळा ते वाक्य मामांचं असायचं. दोनदा कापणी मी बिघडवली होती, दोन्ही वेळा मामा बोलले. "मामा, तुम्ही कशाला?" म्हटलं, तर म्हणाले, "तुझं तोंड बघ आरशात. एक शिवी खाल्लीस तर दोन दिवस जेवणार नाहीस."

कागदाचं गोदाम अंगणापलीकडे होतं. सरस तापवायचा पंपाचा स्टोव्हही तिथेच कोपऱ्यात असायचा, कारण हॉलमध्ये जागा नव्हती. त्या शनिवारी स्टोव्ह भकभकायला लागला. बर्नर काजळीने बुजला होता. मी तो काढला, फडक्यात गुंडाळला आणि साफ करायला घरी नेला. रविवारी दुपारी, कारखाना बंद असताना, गोदामाला आग लागली. आत झोपलेला रखवालदार बाहेर येऊ शकला नाही. माणूस चांगला होता, जरा कटकट्या. शुक्रवारी त्याने मामांची पिशवी तपासली म्हणून दोघांची जुंपली होती, ती सगळ्यांनी ऐकली होती.

सोमवारी सकाळी मी बर्नर घेऊन कामावर आलो, तर अंगणात राख आणि पोलीस.

आम्हा आठ जणांना भिंतीशी उभं केलं. दुपार झाली तरी पाणी नाही. शिलाईतल्या एका बाईचं तान्हं मूल घरी होतं. ती नुसती दाराकडे बघत होती. अधिकारी म्हणाला, "ज्याने केलं त्याने बोलावं. बाकीचे घरी जातील."

मामांनी त्या बाईकडे पाहिलं आणि म्हणाले, "माझ्या हातून झालं. सोडा त्यांना."

मी हातभर अंतरावर होतो. तिरक्या कापणीला जो आवाज लागायचा तोच आवाज होता तो. आम्ही खरोखर घरी गेलो. मामा शिव्या खाऊन संध्याकाळपर्यंत सुटतील असं आम्हाला वाटलं. बाहेरचं जगही आमच्या फोरमनसारखंच असेल असं समजणारी आम्ही गाढवं.

तिथे पुढचा प्रश्न होता: कसं केलंस? मामांना ते माहीतच नव्हतं. मग त्यांना शिकवलं. तीन दिवस. डोळा लागला की खुर्ची ओढायची. "आधी हो म्हणालास, आता नाही? मग खोटारडा कोण?" "नाही म्हण, मग बायकोला आणून शेजारी बसवतो." तिसऱ्या दिवशी मामांनी सही केली. कागदावर होतं की रखवालदारावरच्या रागाने मी रविवारी गोदामात शिरलो, स्टोव्हला पंप मारला, बर्नर भडकल्यावर स्टोव्ह कागदाच्या रिमांवर लोटला. मग मोठ्या साहेबांसमोर, म्हणजे मॅजिस्ट्रेटसमोर, उभं केलं. साहेबांनी विचारलं, "कोणाचा दबाव नाही ना?" दबाव दाराशीच उभा होता, कमरेला पट्टा लावून. मामा म्हणाले, "नाही साहेब."

त्या रविवारी मामा घरी मोडक्या खुर्चीची बैठक विणत होते. मामींनी कोर्टात तसं सांगितलं. बायको दुसरं काय सांगणार, म्हणून ते बाजूला पडलं. मग मी उभा राहिलो. बर्नर टेबलावर ठेवला. सरकारी वकिलाने तो दोन बोटांनी उचलला, मेलेला उंदीर उचलावा तसा.

"असे बाजारात किती मिळतात?"

"पुष्कळ."

"दर महिन्याला साफ करायला नेता?"

"हो."

"मग हा त्याच शनिवारी नेला, आधीच्या कुठल्या शनिवारी नाही, याची शंभर टक्के खात्री? शपथेवर आहात."

मी कडी लावल्यावर तीनदा परत येऊन बघणारा माणूस. मला माहीत होतं, तरी जीभ अडखळली. म्हणालो, "त्याच शनिवारी... असं वाटतं."

"वाटतं," तो न्यायाधीशांकडे बघून म्हणाला आणि खाली बसला.

जन्मठेप झाली. मामी सातव्या वर्षी गेल्या. मामा तुरुंगातही शिलाईलाच होते. चौदा वर्षांनी सुटले, ते चांगल्या वागणुकीबद्दल. चांगली वागणूकच तर नडली होती.

मुलीने खटल्याच्या कागदांची नक्कल मागवली, ती मिळायला आणखी वर्ष गेलं. बाराव्या पानावर, आगीच्या दुसऱ्या दिवशी केलेला पंचनामा: स्टोव्ह एक, जळालेला, बर्नर नसलेला. एकतिसाव्या पानावर कबुली: बर्नर भडकला. एकाच गठ्ठ्यात, एकोणीस पानांच्या अंतरावर. आम्ही बाइंडर न वाचताही नुसत्या बोटाने चाचपून सांगतो की पानं चुकीची लागली आहेत. ही सगळी शिकलेली माणसं. पोलीस, दोन वकील, न्यायाधीश. मामांच्या वकिलानेही ते पान उलटलं नव्हतं. कबुली हातात आल्यावर मागचं वाचायची कोणाला गरजच वाटली नाही. पंधरा वर्षं माझ्या पोटात जे जळतंय त्याला पंप मारावा लागत नाही.

गेल्या आठवड्यात मी बर्नर खिशात घालून मामांकडे गेलो. ते बाहेरच्या खोलीत खाटेवर, मी समोर स्टुलावर. आत नातीच्या हातून कप फुटला. मामा बसल्या जागेवरून म्हणाले, "माझ्या हातून झालं."

मुलगी तुकडे हातात घेऊन दारात आली. "बाबा, तुम्ही इथे होता."

"असू दे गं. तिला बोलू नकोस."

"मी बोलतच नव्हते," ती म्हणाली आणि आत गेली. तिच्या बोटाला रक्त होतं.

मी अर्ज त्यांच्या मांडीवर ठेवला. "मामा, सही करा."

"एकदा म्हटलं ते म्हटलं. मागे घ्यायची रीत आहे का आपली?"

"ती रीत कापणीची होती. माणूस मेल्याची नव्हती."

मी बर्नर काढून दिला. त्यांनी सवयीने तो उजेडाकडे धरला, भोकं तपासली.

"शनिवारचाच ना हा?"

"शनिवारचाच."

"वाटतं?"

"नाही मामा. वाटत नाही. माहीत आहे. तेव्हाही माहीत होतं."

त्यांनी अर्जातली ती ओळ बोटाने वाचली: हे कृत्य मी केलेलं नाही. मग चष्मा मागितला, पेन मागितलं आणि सुईत दोरा ओवायला लागायचा तेवढाच वेळ घेऊन सही केली. आणि विचारलं, "मग कोणाच्या हातून झालं म्हणायचं रे, ही पंधरा वर्षं?"

पट्टा लावून दाराशी उभा होता तो आता पेन्शन खातो. सरकारी वकील मोठ्या खुर्चीवर गेला. साहेब वारले. यांच्यातला एकही जण आजवर मधोमध उभा राहून ते वाक्य बोललेला नाही, आणि बोलणारही नाही.

माझ्या वाट्याचं मी लिहून देतो. बर्नर त्या शनिवारपासून सोमवारपर्यंत माझ्या घरी होता. मला पक्कं माहीत होतं आणि मी कोर्टात "वाटतं" म्हणालो. ते माझ्या हातून झालं.